मशीनवरचं पहिलं नाव

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी

घरातल्या टायपिंगच्या दुकानात कॉम्प्युटरवर लिनक्स चढलं. काल निम्मं, आज उरलेलं. जुनी चोरीची विंडोज ऐन वेळी काळा पडदा दाखवून लाज काढायची. गिऱ्हाईक शपथपत्रासाठी समोर ताटकळतंय आणि मशीन ढिम्म. सुटले एकदाची.

नाव टाकायच्या पायरीवर काल मुद्दाम थांबवलं होतं. नवऱ्याचा, बालाजीचा हट्ट, की उद्या पूजा आहे तर पहिलं नाव भाऊंच्या हातचं पडू दे. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. खंडेनवमीला दुकानं फिरतात. कुठे नारळ फोडतात, कुठे हार घालतात. बालाजी ट्रकच्या ज्या वजनकाट्यावर कामाला आहे तिथली पूजा उरकून इकडे आले. मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडू. खुर्चीत बसून एका बोटानं स्वतःचं नाव टाकलं. पासवर्डच्या वेळी मी तोंड फिरवलं. बघत राहणं बरं दिसत नाही.

लिनक्समध्ये पहिलं नाव ज्याचं, घराच्या किल्ल्या त्याच्याकडे, हे पॉलिटेक्निकला शिकले होते. आठवलं नाही असं नाही. पण चार माणसांत हात धरून उठवणार कसं? माझं दुसरं नाव करायला गेले तर मशीननं पुन्हा त्यांचाच पासवर्ड मागितला. भाऊ हसले. म्हणाले, "बघा ताई, तुमच्याच घरात शिरायला आमची परवानगी लागती."

सगळे हसले. मीही. मग माझ्या नावालाही किल्ल्या दिल्या आणि पेढे वाटले.

३ ऑक्टो., शुक्रवार

प्रिंटर बोलेना. सकाळपासून नाकी नऊ आले. दुपारी भाऊंचा भाचा सूरज दारात. "मामांनी पाठवलं, काही अडलंय का बघ म्हणले." अडलंय हे मामांना कुणी सांगितलं? बालाजीनं. ह्याच्या पोटात काही राहत नाही. चेहऱ्यावर तर त्याहून राहत नाही.

सूरज पुण्याला कॉम्प्युटर शिकून आलेला. भाऊंच्या नावानं आत गेला, पासवर्ड त्याला ठाऊक. प्रिंटर चालू केला, पान खणखणीत आलं. जाता जाता म्हणाला, दुरून तुमची स्क्रीन दिसेल आणि माउस चालवता येईल अशी सोय करून ठेवलीय, अडलं की फोन करा, यायची गरज नाही. मी चहा दिला, वर चिवडाही.

भाऊंच्या नावावर टिचकी मारली की आता त्यांचा वाढदिवसाचा फोटो येतो, हात जोडलेला. चौकाचौकांत फ्लेक्स होतेच, आता माझ्या टेबलावरही.

६ ऑक्टो., सोमवार

आजचा दिवस माझा. गिऱ्हाईक नाही, बा. काट्यावर. मराठी कीबोर्ड बसवला. जुन्या फॉन्टातल्या सगळ्या फायली उघडून पाहिल्या, निम्म्या किड्यामुंग्यांसारख्या दिसतात, त्या हळूहळू बदलाव्या लागतील. खालची पट्टी डावीकडे उभी केली. अक्षरं मोठी केली, कारण म्हातारी माणसं खांद्यावरून वाकून वाचतात आणि माझ्या कानात खोकतात. प्रकाश पिवळट ठेवला. मागे माहेरच्या ज्वारीचा फोटो, पाटोद्याकडचा. हे सगळं करताना स्वयंपाक राहिला. संध्याकाळी पिठलं. बा. काही बोलला नाही, उलट मशीन बघून म्हणाला, छान दिसतंय. मला बरं वाटलं, खरंच.

वीजकेंद्राची राख मात्र टेबलावर रोजचीच. पुसलं की तासाभरात पुन्हा बोट उमटतं. परळीत राहून तक्रार कसली.

१६ ऑक्टो., गुरुवार

बा.च्या नावचं समन्स आलं. १२ नोव्हेंबर, अंबाजोगाई कोर्ट. साक्ष.

उन्हाळ्यात बायपासला राख वाहणाऱ्या टिपरनं गफ्फारचाचांच्या फळगाड्याला उडवलं. चाचा जागीच गेले. पोलिसांपुढे उभा राहिला तो पगारी ड्रायव्हर. पण टिपर चालवत होता मालकाचा पोरगा. काट्यावर बसून बा.नं डोळ्यांनी पाहिलं, तोच टिपर पाच मिनिटांपूर्वी काट्यावर चढला होता, पोरगाच खाली उतरला होता पावती घ्यायला. चहाच्या टपरीवर दहा माणसं होती. आता कुणीच नव्हतं म्हणतात. जबाब दिला तो एकट्या बा.नं. का दिलास विचारलं तर म्हणाला, रोज मला एक मोसंबी द्यायचे.

आरेफाचाची, गफ्फारचाचांची बायको, संध्याकाळी येऊन गेल्या. त्यांनाही त्याच तारखेला जायचंय. बा.च्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. मला भीती वाटते. इथे तरी लिहिते.

१८ ऑक्टो., शनिवार

मशीनवर लातूरला भाड्यानं खोली मिळते का ते पाहिलं. नुसतं पाहिलं. बा.ला सांगितलं नाही, तो भडकेल. साक्ष झाल्यावर इथे राहायचं कसं? टायपिंग लातूरलाही चालतं. चार-पाच खोल्यांचे फोटो पाहिले, एकीला छोटी गच्ची. पान बंद केलं.

माउस आज आपोआप हलल्यासारखा वाटला. सेल संपले असतील.

२३ ऑक्टो., गुरुवार. भाऊबीज

मला सख्खा भाऊ नाही, एक बहीण, ती अंबाजोगाईला. लग्न होऊन आल्यापासून भाऊच ओवाळून घ्यायला येतात. आजही आले. साडी, मिठाईचा डबा. टिपरवाल्यांशी त्यांचं उठणं-बसणं आहे, पण परळीत कुणाचं नाही. मी ओवाळलं. ताटात ओवाळणी टाकताना, बा. शेजारीच उभा, हसत म्हणाले:

"ताई, लातूरला कशाला जाता? गच्ची पाहिजे तर इथंच बांधून देऊ की."

बा.नं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

गेल्यावर बा. बोलला ते लिहीत नाही. मुद्दा एवढाच की मी त्याला न सांगता खोली बघते आणि लोकांना सांगते. मी कुणाला सांगितलं नाही म्हटलं. त्याला पटलं नाही. मग भाऊंना काय स्वप्न पडलं का, असं विचारून बाहेर निघून गेला.

स्वप्न पडलं नाही. गच्चीसुद्धा माहीत होती.

२४ ऑक्टो., शुक्रवार

कोण कधी मशीनमध्ये आलं ते मशीनला विचारता येतं. विचारलं.

भाऊ. भाऊ. भाऊ. मी भाजीला गेले तेव्हा. मी खोलीचं पान बघत होते त्याच वेळी, पाडव्याला आम्ही जेवत होतो तेव्हा. खुर्ची रिकामी, पंखा बंद, आणि भाऊ आत. सूरजची ती सोय. यायची गरज नाही म्हणाला होता.

मॉनिटरवर ओढणी टाकली आणि मग स्वतःलाच हसू आलं, ओढणीनं काय होणार. पण काढली नाही.

२५ ऑक्टो., शनिवार

बा.ला दाखवलं. त्यानं यादी खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, सूरज पोरगा आहे, खोडी केली असेल, भाऊंना ठाऊकही नसेल. बा.च्या वडिलांच्या मयतीला लाकडं भाऊंनी आणली होती. काट्यावरची नोकरी भाऊंच्या शब्दावर. मी म्हटलं, नाव काढते. म्हणाला, "त्यांच्या नावाला हात लावू नको. पूजेत टाकलेलं नाव हाय ते."



२८ ऑक्टो., मंगळवार

काढलं.

बा. काट्यावर गेल्यावर. दुरून यायची सोय आधी बंद केली, मग भाऊंचं नाव पुसलं, फोटोसकट. मशीननं विचारलं, खात्री आहे का. होती. माझा पासवर्ड बदलला. जे जे दार शिकले होते ते ते लावून घेतलं. चालू केल्यावर आता एकच नाव दिसतं, माझं. ज्वारीचा फोटो किती स्वच्छ वाटला. जीव भांड्यात पडला. दुपारी दोन उत्पन्नाचे दाखले, एक नाव बदलाचं शपथपत्र, मान वर न करता.

बा.ला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळी चौकात त्याच्या चेहऱ्यावर वाचता आलं असतं.

३० ऑक्टो., गुरुवार

भाऊ आले. एकटे, सकाळी. बा. डबा घेऊन निघतच होता. चपला बाहेर काढल्या, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. पाणी प्यायले. मशीन बंदच होतं. बंद मशीनकडे बघत म्हणाले:

"ताई, आमचं नाव कावून काढलं?"

बा.चा डबा हातातच. मशीन बंद, दुकान नुकतं उघडलेलं, नाव काढलेलं मला एकटीला माहीत. हे ह्यांना कुठून कळलं? आत यायला गेल्याशिवाय कळत नाही. बा.ला ते त्याच क्षणी समजलं. मी त्याचा चेहरा पाहत होते. वडील गेले तेव्हा तो असा दिसला होता.

मी काहीतरी पुटपुटले, मशीन जड चालत होतं म्हणून. भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जित्या माणसाचं नाव असं पुसत न्हाईत. परत घाला. सूरजला पाठवतो, तुमाला तरास नको." मग बा.च्या खांद्यावर हात ठेवून त्याला काट्यापर्यंत गाडीतून सोडलं. बा. गेला गाडीत बसून. नाही म्हणायला त्याला जमलं नाही.

संध्याकाळी बा. म्हणाला, घाल परत.

३१ ऑक्टो., शुक्रवार

सूरज आला. माझ्या पासवर्डनं मीच दार उघडून दिलं. भाऊंचं नाव, किल्ल्या, दुरून यायची सोय, हात जोडलेला फोटो, सगळं होतं तिथे. ह्या वेळी त्यानं लपवलंही नाही. चहा बा.नं आणून दिला.

तो गेल्यावर बा. म्हणाला, तारीख होईपर्यंत मशीन उघडू नको. मग म्हणाला, मी साक्ष देणार. एवढंच. भाऊ गाडीत काय बोलले विचारलं. "काही न्हाई बोलले. घाटात आजकाल गाड्या लई पडतात म्हणले."

परळीहून अंबाजोगाईला जायचं म्हणजे घाटच.

५ नोव्हें., बुधवार

दुकानासमोर एक टिपर उभा असतो. शनिवारपासून. त्यात कुणी नसतं. गिऱ्हाईकं वळसा घालून येतात, काही येतच नाहीत. शेजारीण मीठ मागायला यायची, तीही येत नाही.

मशीन बंद ठेवायला सांगितलंय पण दाखले तर टाइप करावे लागतात. करते. खांद्यावरून कुणी वाकून बघतंय असं वाटतं, फक्त खोकत नाही.

सरकारी वकिलांना फोन केला. तारीख चुकवू नका म्हणाले, पोलीस संरक्षणासाठी अर्ज द्या. अर्ज दिला. हातानं लिहून.

९ नोव्हें., रविवार

संरक्षणाच्या अर्जाचं अजून काही नाही. एक सुचलंय.

ते बघतात ना. बघू देत. मी दाखवीन तेच बघतील.

रेल्वेचं पान उघडलं. परळी ते घाटनांदूर, १२ तारीख, सकाळची गाडी. मग घाटनांदूर ते अंबाजोगाई जीपनं किती वेळ लागतो, तेही शोधलं. दोनदा. पान तसंच उघडं ठेवून दळण आणायला गेले. घाट चुकवायचा तर हाच रस्ता, कुणालाही खरं वाटेल. बा. जाईल सकाळच्या पहिल्या एसटीनं, घाटातून. एसटीत पन्नास माणसं असतात, भरल्या एसटीला कुणी काही करत नाही. त्यांची माणसं थांबतील घाटनांदूरला.

बा.ला फक्त एसटी सांगायची. दुसरं सांगितलं तर भाऊ समोर आल्यावर तोंडावर दिसेल. चाचींना तर काहीच नको, त्या सगळ्या गल्लीला सांगतात.

१० नोव्हें., सोमवार

मशीनला विचारलं. काल मी दळणाला गेले तेव्हा भाऊ आत येऊन गेलेत. बराच वेळ होते.

आनंद झाला, खोटं कशाला लिहू. महिन्यात पहिल्यांदा मी ह्या लोकांच्या पुढे आहे. बा.ला शिरा करून घातला. कशाबद्दल विचारलं त्यानं. म्हटलं, असंच.

११ नोव्हें., मंगळवार

बा.चा शर्ट इस्त्री केला. बहिणीला आणि दाजींना कळवलं, बा. उद्या कोर्टात येतोय, जेवायला तिकडे. कसा येतोय ते सांगितलं नाही. बा.ला बजावलं: पहिली एसटी, खिडकीशी बसू नको, फोन बंद ठेव, कोर्टाच्या आवारात शिरलास की लाव. फोन बंद कशाला म्हणाला. कुठे आहेस ते कुणाला कळायला नको म्हणून. बरं म्हणाला. तू हुशार आहेस म्हणाला.

समोरचा टिपर आज नाही.

१२ नोव्हें., बुधवार

बा. उजाडायच्या आत निघाला. मी देवापाशी दिवा लावला, मग मशीन लावलं. रेल्वेचं पान उघडून ठेवलं. थोड्या वेळानं बाण आपोआप हलला. पानावर फिरला, गाडीच्या वेळेवर जाऊन थांबला. मी समोरच बसले होते, हात मांडीवर. बघ, म्हटलं, नीट बघ.

मग चाचींचा फोन. आवाजात गाडीचा खडखडाट.

"बेटी, एसटी आलीच न्हाई बघ. बिघडली म्हणले. मी स्टँडावर रडत बसले होते, तर बालाजीनं हाताला धरलं, म्हणला चाची, चला रेल्वेनं, घाटनांदूरला उतरून जीप धरू. बाजूलाच बसलाय. पिशवी पन त्यानंच धरली."

मी म्हटलं त्याला द्या, चाची, फोन त्याला द्या, उतरा म्हणावं मधल्या स्टेशनला. काय, काय, म्हणाल्या. तुटला. पुन्हा लावला, पुन्हा. कव्हरेजच्या बाहेर. बा.चा बंद. मीच बंद ठेवायला लावलेला.

दाजींना फोन केला, ते मोटरसायकल घेऊन घाटनांदूरला निघालेत. गाडी आधी पोचेल की ते, सांगता येत नाही. वकिलांना लावला, उचलत नाहीत. पोलिसांनी गाडी पाठवतो म्हटलं. एसटी खरंच बिघडली की बिघडवली, हेही आता डोक्यात येतंय, पण त्याला आता अर्थ नाही. घाटनांदूरला त्यांना मीच बोलावलंय. बा.ला सांगितलं असतं तर तो चाचींना घेऊन स्टँडावरच बसला असता. एवढं एक वाक्य मी त्याला सांगितलं नाही.

बाण अजून पानावर आहे. म्हणजे कुणीतरी बघतंय.

त्यांच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला सुचला नाही. भाऊंचा फोन लागतच नाही. कोरं पान उघडलं, अक्षरं मोठी करून टाइप केलं: भाऊ, बालाजीला हात लावू नका. तो साक्ष देणार नाही. मी त्याला परत आणते. तुम्ही म्हणाल तसं.

बा.नं हे ऐकलं असतं तर माझ्याशी जन्मात बोलला नसता. नाही बोलला तरी चालेल.

बाण हलला. खाली आला, माझ्या ओळीपाशी थांबला. मग ती सगळी ओळ निवडली, निळी केली, आणि पुसली.

आता पान कोरं आहे. बाण तिथेच उभा आहे. फोन वाजत नाही. गाडी एव्हाना घाटनांदूरला लागली असेल.